वाठोरे सरांचा नीतीचा तास

काही विषय असे असतात, की ते शिकून पदरात काही पडत नाही, पण किस्से मात्र पोतंभर जमतात. आमच्या बी.एस्सी.च्या बॅचला असा एक विषय होता. जैवनीतिशास्त्राची तोंडओळख! दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. हिंगोलीत आमच्या कॉलेजात बायोटेक नवीनच सुरू झालं होतं आणि त्याच्या सिलॅबसमध्ये कुणीतरी हा पन्नास मार्कांचा पेपर घुसडून दिला होता. डॉक्टरनं पेशंटशी कसं वागावं, प्रयोगातल्या प्राण्याला किती छळावं, माणसाला विचारल्याशिवाय त्याच्या शरीराला हात का लावू नये, असलं सगळं त्यात होतं.

वर्गात आम्ही अकरा जण. मी साखऱ्याचा, मारोती कुरुंद्याचा आणि वंदना सेनगावकडच्या एका तांड्यावरची. बाकीचे आठ हजेरीपुरते. शिकवायला वाठोरे सर. ते तासिका तत्त्वावर होते, म्हणजे तास झाला तर सर, नाही झाला तर कुणीच नाही. पण शिकवायचे असे, की जणू उद्यापासून सगळी हिंगोली नीतीनं वागणार आहे.

आजही मारोती आणि मी भेटलो की हेच किस्से निघतात. पहिले चार-पाच आम्ही हसत सांगतो. शेवटचा बहुतेक वेळा सांगतच नाही.

*

या विषयाचं पुस्तक लायब्ररीत एकच होतं. इंग्रजी, जाडजूड. ते काचेच्या कपाटात कुलपात असायचं. बाहेरून नाव वाचता यायचं, तेवढाच काय तो अभ्यास. मारोतीनं एकदा मागितलं, तर ग्रंथपाल म्हणाले, प्रत एकच आहे, एकाला दिली तर बाकीच्या दहा जणांवर अन्याय होतो. म्हणून ते कुणालाच देत नव्हते.

मारोतीनं हे वर्गात येऊन सांगितलं. त्या दिवशी आमचा धडा होता 'साधनांचं न्याय्य वाटप'. सरांनी हातातला खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "हा धडा झाला तुमचा. प्रॅक्टिकलसकट."

*

अकरा वाजता नीतीचा तास आणि बारा वाजता समोरच्याच खोलीत झूऑलॉजीचं प्रॅक्टिकल. अकराला आम्ही मुक्या जीवाच्या वेदनेबद्दल लिहून घ्यायचो आणि बाराला त्याच हातानं बेडूक पालथा करायचो.

सरांनी सांगितलं होतं, की ज्याचं मन तयार नसेल त्याला नकार देता येतो, फक्त कारण लिहून द्यावं. मारोतीचं मन तयार नव्हतं. ते बेडूक त्यानंच कुरुंद्याहून हळदीच्या पोत्यात घालून आणले होते आणि एसटीत दोन तास त्यांचं ओरडणं ऐकलं होतं. पिवळे झालेले ते बेडूक बघून आम्ही हसलो, हा मात्र अर्ज लिहायला बसला. चांगला पानभर अर्ज.

झूऑलॉजीच्या मॅडमनी तो पूर्ण वाचला. अक्षर सुरेख आहे म्हणाल्या आणि त्याच्या नावापुढं शून्य टाकलं. वाठोरे सर भांडायला गेले, तर प्राचार्यांनी त्यांनाच ऐकवलं, की तुमची नीती तुमच्या तासात ठेवा.

पुढच्या आठवड्यात मारोतीनं दोन बेडूक कापले. एक त्या आठवड्याचा आणि एक मागचा.

*

एकदा विषय निघाला श्वासाच्या मशीनचा. पेशंट बरा होण्याची आशाच उरली नाही, तर मशीन बंद करावं का, कुणी करावं, कुणाला विचारून करावं. सरांनी फळ्यावर दोन रकाने आखले. एका बाजूला करावं, दुसऱ्या बाजूला करू नये. मग वर्गाला विचारलं, की हा निर्णय घ्यायचा अधिकार नेमका कुणाचा?

मारोती बसल्या जागेवरून म्हणाला, "सर, आपल्याकडं तो लाईटवाल्याचा हाय."

तेव्हा भारनियमन बारा-बारा तास चालायचं. सगळा वर्ग फुटला. सरसुद्धा हसले. हसून झाल्यावर माझं लक्ष गेलं, तर मारोती हसत नव्हता. त्याच्या भावाचं अपुऱ्या दिवसांचं लेकरू त्या पावसाळ्यात काचेच्या पेटीत ठेवलं होतं. लाईट गेली, जनरेटर सुरू झाला नाही. हे त्यानं मला चार वर्षांनी सांगितलं. तोवर तो किस्सा मीच शंभर जणांना हसत सांगून बसलो होतो, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

*

मग आली संमती. सरांचा सगळ्यात लाडका धडा. समोरच्याला आधी सगळं समजावून सांगायचं, त्याला कळलं का बघायचं, त्यानं आपल्या मर्जीनं हो म्हणायचं आणि नाही म्हणायची त्याला मुभा ठेवायची. हे चार मुद्दे आम्हाला झोपेतून उठवून विचारले तरी यायचे.

सरांनी घरचा अभ्यास दिला. घरातल्या एका माणसाला तब्येतीचे पाच प्रश्न विचारायचे, पण त्याआधी त्याची रीतसर संमती घ्यायची. मी साखऱ्याला काकूपुढं कागद घेऊन बसलो. मी तोंड उघडायच्या आत काकूनं अंगठा पुढं केला.

म्हटलं, काकू, आधी ऐकून तर घे. काकूनं अंगठा तसाच धरून सगळं ऐकलं. मी तिला सांगितलं, की तुला नाही म्हणायचा हक्क आहे.

"न्हाई म्हणलं तर काय करतेत?" काकूनं विचारलं.

"काहीच करत नाहीत."

"आन् व्हय म्हणलं तर?"

"तरी काही नाही. प्रश्न विचारतो फक्त."

"मंग अंगठा काहून घेतेत? आजवर ज्यानं घेतला, त्यानं कायी ना कायी नेलंच की."

दुसऱ्या दिवशी मी हे वर्गात सांगितलं.  सर म्हणाले, हे लिहून घेऊ नका, पेपरात येत नाही.

*

पेशंटची गुप्तता कशी पाळतात हे बघायला आम्हाला एका दवाखान्यात पाठवलं होतं. तिथं खिडकीतून एक कंपाउंडर मोठ्यानं ओरडत होता, की खरजेवाले डावीकडं, टीबीवाले उजवीकडं. आम्ही वहीत निरीक्षण लिहून घेतलं. वर मान केली तर उजवीकडच्या रांगेत तोंडाला रुमाल लावून वाठोरे सर उभे होते.

त्यांनी आम्हाला बघितलं. आम्ही त्यांना बघितलं. कुणीच कुणाला नमस्कार केला नाही.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले आणि फळ्याकडं तोंड करून म्हणाले, "काल कुठं कोण दिसलं, ते कुणालाच सांगायचं नसतं. ही गुप्ततेची व्याख्या. लिहून घ्या."

आम्ही लिहून घेतलं आणि पाळलंही. सर पुढं बरे झाले, त्यांच्या तासिका बंद झाल्या, आता गावाकडं शेती बघतात. हा किस्सा सांगू का म्हणून मी त्यांना फोन केला होता. बिनधास्त सांग म्हणाले. पुढचाही सांगू का, असं विचारल्यावर मात्र म्हणाले, तो तिला विचारून सांग. मी तिला विचारलेलं नाही. नाव तेवढं बदललंय. एवढीच माझी नीती.

*

वंदनाच्या याडीचं पोट दुखायचं. तांड्यावर आईला याडी म्हणतात. बाईचं वय पस्तिशीच्या आतलं. एका खासगी डॉक्टरनं दोन मिनिटं तपासलं आणि सांगितलं, की गर्भपिशवी काढावी लागेल, नाहीतर पुढं कॅन्सर होईल. तिच्या तांड्यावरच्या चार-पाच बायांची अशीच काढली होती.

पण या वेळी पेशंटसोबत वंदना होती आणि वंदनाकडं वही होती. वहीत संमतीचे चार मुद्दे होते. तिनं डॉक्टरला पहिला प्रश्न विचारला, की आजार नेमका काय आहे? डॉक्टरनं वर न बघता उत्तर दिलं. दुसरा विचारला, की औषधानं बरं होणार नाही का? डॉक्टरनं वर बघितलं आणि विचारलं, कोणत्या कॉलेजात आहेस? तिसरा विचारल्यावर तो म्हणाला, मग पेशंट तुझ्या कॉलेजातच घेऊन जा.

चौथा प्रश्न विचारायची वेळ आलीच नाही. याडी खुर्चीवरून उठली होती. तिनं डॉक्टरपुढं हात जोडले. "लेकरू हाय सायेब, राग धरू नका," म्हणाली आणि शाईचा पॅड स्वतःच ओढून घेऊन कागदावर अंगठा दाबला. पोरीनं केलेल्या आगाऊपणाची भरपाई म्हणून.

ऑपरेशन झालं. नर्सनं ट्रेमध्ये काढलेली पिशवी आणून दाखवली. आपल्याकडं तशी पद्धतच आहे, खरंच काढली हे नातेवाइकांनी बघावं म्हणून. बाकीचे तोंड फिरवतात, वंदनानं निरखून बघितली. तिनं ती मागून घेतली. कॉलेजातून वाठोरे सरांनी फॉर्मॅलिनची बरणी दिली आणि दोघं मिळून नांदेडला लॅबमध्ये देऊन आले.

दहा-बारा दिवसांनी रिपोर्ट आला. इंग्रजीत दोनच ओळी होत्या. आजार काहीच नव्हता. पिशवी ठणठणीत होती.

तास संपल्यावर वंदना सरांच्या टेबलापाशी थांबली. मी आणि मारोती दारात होतो. तिनं विचारलं, याडीला सांगू का? पेशंटला सत्य सांगण्याचा धडा सरांनी आठच दिवसांपूर्वी शिकवला होता. सत्य लपवणं म्हणजे त्या माणसाला माणूस न मानणं, हे वाक्य आमच्या सगळ्यांच्या वहीत होतं.

सर फार हळू बोलले. "पेपरात लिही, सांगावं म्हणून. घरी नको सांगू. गेलेली पिशवी परत येत न्हाई, वंदना."

आज मी सरांना दोष देऊ शकतो, पण तेव्हा मलाही तेच बरोबर वाटलं होतं.

वंदनानं घरी याडीपुढं रिपोर्ट धरला, इंग्रजी ओळींवरून बोट फिरवलं आणि वाचून दाखवलं, की पिशवी खराब झाली होती, काढली ते बराबर झालं. याडीनं तो कागद घडी करून देवाच्या फोटोमागं ठेवला.

वार्षिक परीक्षेत प्रश्न आला, 'पेशंटला सत्य का सांगावे?' दहा मार्क. त्या पेपरला वंदना कॉलेजात पहिली आली.

*

परीक्षेत कॉपी कशी झाली, तेही नीतीच्या पेपराला, तो किस्सा सांगत नाही. तो तुम्हाला न सांगताही येतोच. शेवटचा सांगतो आणि थांबतो.

निकाल लागल्यानंतरची गोष्ट. आम्ही मार्कशीट घ्यायला आलो होतो. गेटजवळच्या हातगाड्यावर वाठोरे सर, वंदना, मारोती आणि मी चहा घेत होतो. सर आनंदात होते, वंदनाचं कौतुक चाललं होतं. तेवढ्यात सेनगावच्या बसमधून याडी उतरली. सोबत तांड्यावरच्या दोन बाया. एकीचं वय फार तर सव्वीस असेल, काखेत पोर होतं.

याडी मोकळेपणानं हसली. पोरगी पहिली आली म्हणून सरांना हात जोडले. मग आम्हाला कळावं म्हणून मराठीत म्हणाली, या दोघींचंबी पोट दुखून राहिलंय, दवाखान्यात चाललाव. त्या भीत होत्या, तर मी सांगितलं, माझ्या लेकीनं कागद वाचला, काढली ते बराबर झालं. आता वंदनालाबी संगं नेतो, ही कागद वाचंल.

वंदनानं सरांकडं बघितलं. सर कपाकडं बघत राहिले.

ती त्या दोघींशी त्यांच्या गोरमाटी बोलीत बोलायला लागली. आम्हाला शब्द कळत नव्हते, पण काय सांगते आहे ते कळत होतं. धाकटीनं काखेतलं पोर दुसऱ्या काखेत घेतलं. वंदना तेच पुन्हा बोलली, या वेळी सावकाश. मग थांबली आणि सरांनाही ऐकू जावं म्हणून मराठीत म्हणाली, "याडीला कायी झालं नव्हतं. कागदावर तसंच लिहिलं होतं. तुमी जाऊ नका."

त्या दोघी तिथंच मागं सरल्या. त्या वाचल्या, हे मला आज कळतं. तेव्हा मी फक्त याडीकडं बघत होतो. ती रडली नाही, ओरडली नाही, लेकीकडं तिनं बघितलंही नाही. पदर सारखा केला आणि वाठोरे सरांसमोर येऊन उभी राहिली.

"सर," ती म्हणाली, "मंग त्या दिशी हिनं मला वाचून दाखवलं, ते काय व्हतं?"