उंदरिणीची मर्जी

अ‍ॅनिमल हाऊसमध्ये नोकरी केली की किस्से जमवावे लागत नाहीत, पांढऱ्या उंदरांसारखे आपोआप वाढतात! तेलाच्या तेजीत आमच्याकडची पोरं पाइपलाइनवर, रिफायनरीत गेली. मी रियाधला एका कॉलेजच्या लॅबमध्ये उंदीर सांभाळायला गेलो. अजूनही मित्र जमले की आधी फर्माईश तीच, "उंदरांचं सांग रे!"

*

उंदरांची पहिली खेप विमानाने आली. आणायला मी आणि आमचे ड्रायव्हर हमीदभाई, रत्नागिरीचे. कस्टमवाल्याने पेटीत डोकावून डोळे वटारले. "रियाधमध्ये उंदीर नाहीत?"

हमीदभाई शांतपणे अरबीत म्हणाले, "आहेत साहेब. पण एकही नोकरीला यायला तयार नाही!"

तो पोट धरून हसला. पेटी सुटली. खलास!

*

आमचे डॉक्टर फरीद इजिप्तचे. उंदराची मादी नराला कधी जवळ येऊ देते, हा त्यांचा अभ्यास. मर्जी असली की ती पाठ खोलगट करून थांबते. नसली की मागच्या पायाने लाथ!

एकदा गाडीत ते समजावत होते, "मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन एकच, पण ते जिथे चिकटतं ते रिसेप्टर वेगवेगळे. एका जातीचे ब्रेक लावतात, दुसऱ्या जातीचे अ‍ॅक्सिलरेटर दाबतात. बहुतेक वेळा ब्रेकच जड."

हमीदभाईंनी आरशातून बघितलं. "म्हणजे रियाधच्या टॅक्सीच्या बरोब्बर उलट!"

*

उंदरांचा प्रणय अंधारात. म्हणून आम्ही त्यांचे दिवसरात्र उलटे केले होते. भर दुपारी खोलीत काळोख, आम्हाला दिसण्यापुरता लाल दिवा. मी रजेवर असताना सांगलीचा एक इलेक्ट्रिशियन दुरुस्तीला आला. परतलो तर खोलीत लख्ख उजेड, माद्या कोपऱ्यात झोपलेल्या आणि डॉक्टर डोकं धरून बसलेले! कित्येक आठवड्यांचं काम पाण्यात.

इलेक्ट्रिशियन मात्र खुशीत. "एवढ्या अंधारात बिचाऱ्यांचे संसार कसे व्हायचे? म्हणून डबल ट्यूब लावली!"

डॉक्टरांनी त्यालाच चहा पाजला. मग प्रयोग पहिल्यापासून सुरू केला आणि दुसऱ्या खेपेला तो आधीपेक्षा छान जमला.

*

आणि हा किस्सा माझा स्वतःचा. मुलगी सुनंदा, रियाधलाच नर्स. तिचे मामा तिथल्याच ओलाया भागातल्या बँकेत. त्यांच्या घरी बघण्याचा कार्यक्रम. मी इस्त्रीचा शर्ट घालून घामाघूम.

मामांनी विचारलं, "काम नेमकं काय करता?"

खोटं बोलायचं नाही असं ठरवून गेलो होतो. सांगून टाकलं, "उंदराच्या मादीला औषध देतो. मग तिला नर पसंत पडतो की नाही, ते बघतो."

मामांचा कप हवेतच थांबला. मामी लगबगीने स्वयंपाकघरात गेल्या. आटोपलं, असं मला वाटलं.

तेवढ्यात सुनंदा पहिल्यांदा बोलली. "आणि ती नाहीच म्हणाली तर?"

"तर नराला बाहेर काढतो."

"तिला काही करत नाही?"

"छे! तिला तिच्या पिंजऱ्यात ठेवतो, खायला घालतो. तिचं 'नाही' हेसुद्धा उत्तरच असतं ना!"

 ती मामांकडे वळून म्हणाली, "मामा, पुढच्या शुक्रवारी यांना जेवायलाच बोलवा."