उजवा हात मोकळा ठेवणारी सायकल

एल्के डाइकेमाकडे विजेची सायकल घ्यायला जाणं म्हणजे पोलीस चौकीत जबाब द्यायला जाणं, असं आमच्या गावात म्हणतात, आणि त्यात फारसं खोटं नाही. माणूस बिचारा रंग बघत उभा असतो आणि ही विचारते, "जाणार कुठे? ओझं काय? वारा कुठून?" आमचं गाव समुद्राच्या बांधाला टेकलेलं, तेव्हा तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एकच असतं : समोरून. तरी ती विचारते.

रोज ग्रोनिंगेन शहराला बावीस किलोमीटर जाणाऱ्या शिक्षिकेला तिने वेगाची, मोठ्या बॅटरीची सायकल दिली आणि मागे पाणी न शिरणाऱ्या पिशव्या बसवल्या. जंगलवाटांवर हुंदडणाऱ्या शेजारच्या पोराला रुंद टायरांची दिली, आणि त्याला हवा असलेला झगमगीत दिवा मात्र साफ नाकारला. तीन मुलांच्या आईला पुढे खोका असलेली लांब सायकल हवी होती. एल्केने खोक्यात साठ किलो बटाटे ओतले. म्हणाली, "आता पुलावर चढवून दाखव. आणि बटाटे एकमेकांचे केस ओढत नाहीत, हे लक्षात ठेव." वीस वर्षांत तिने विकलेली एकही सायकल परत आली नव्हती. याचा तिला भारी तोरा होता, आणि तो ती लपवतही नसे.

परत आली ती घरचीच. तीही तिच्या वडिलांची.

दुकान मुळात त्यांचं, म्हाताऱ्या मेन्नोचंच. पन्नास वर्षं त्याने गावाच्या सायकली दुरुस्त केल्या. दोन वर्षांपूर्वी आईच्या, म्हणजे रेन्स्केच्या सत्तरीला एल्केने तिला विजेची सायकल भेट दिली आणि रेन्स्केला पंख फुटले. मेन्नो आपल्या जुन्या लोखंडी सायकलवर महिनाभर तिच्या मागे फरफटला. मग एके रविवारी "गुडघा दुखतो" म्हणाला आणि खिडकीशी बसला, तो बसलाच. डॉक्टर सांगून थकले की बसून गुडघा आखडेल, चालवा. मेन्नो खिडकीतून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या चाकातली हवा नजरेनेच तपासायचा. रविवारी बांधावरून नऊ किलोमीटर रेन्स्केच्या बहिणीकडे कॉफीला जायचं, तर ती आता एकटीच जायची. बाप डोळ्यांदेखत आटत चालला होता आणि एल्केचा जीव तुटत होता.

म्हणून तिने दुकानातली सगळ्यात भारी सायकल त्याला दिली. गर्द हिरवी, पाय उंच न करता बसता येईल अशी, गुडघ्याला जपणारी. ती आठ आठवडे अंगणातल्या खोपटात उभी राहिली. मग एका सोमवारी मेन्नो ती हाताने ढकलत दुकानात घेऊन आला.

"घे बाई तुझी."

"काय वाईट आहे हिच्यात?"

"काही नाही. दृष्ट लागावी अशी आहे."

"मग लोक हसतील म्हणून का?"

"लोक गेले खड्ड्यात."

एल्के त्याच्याशी भांडणारच होती. पण तिने एक खुर्ची ओढली, कॉफी ओतली आणि समोर बसली. "बसा बाबा. गिऱ्हाईक म्हणून बसा. बोला, जाणार कुठे?"

"तुझ्या मावशीकडे. आणखी कुठे?"

"ओझं काय?"

मेन्नोने कपात बघितलं. "तुझी आई."

"आईची स्वतःची सायकल आहे की!"

"तेच तर म्हणतोय मी." म्हातारा चिडून बोलू लागला. "सेहेचाळीस वर्षं या वाऱ्यात माझा उजवा हात तिच्या पाठीवर असायचा. बांधाच्या फाटकापासून मावशीच्या दारापर्यंत ढकलत न्यायचो तिला. तिचा कोट पाठीवर, माझ्या हाताखालीच आधी विरायचा. तू तिला मोटर दिलीस. आता मी हात पुढे करेपर्यंत ती वळणापलीकडे गेलेली असते. मग मी कशाला जाऊ? शोभेला?"

लहानपणी बापाच्या मागच्या बैठकीवरून तो हात एल्केने शेकडो वेळा पाहिला होता. अख्ख्या गावाला ती जबाब विचारत आली, पण शेजारून कोण चालवणार आहे, हे तिने कधीच कोणाला विचारलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि बापाची इतकी माया आली की तिने उठून सरळ पाने उचलले.

मोटरचं बटण तिने डाव्या मुठीशी आणलं. मागचं चाक बदलून पायडल उलटं दाबलं की ब्रेक लागेल असं केलं, म्हणजे उजव्या हाताला कामच उरू नये. एका हाताने डगमगू नये म्हणून रुंद हँडल लावलं. आणि आधीची वेगाची मोटर काढून हळू पण दांडगी ओढणारी घातली. मेन्नो खुर्चीतून प्रत्येक फिरकीला खोड काढत होता. "पाना असा धरतात? कोणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच!"

"मी असलं शिकवलेलं नाही."

दोन वर्षांत तो एवढं बोलला नव्हता.

रविवारी समुद्रावरून सणसणीत वारा सुटला होता. बांधावर मेंढ्या अडवायचं फाटक आहे, त्याची कडी बघायची असं सांगून एल्के तिथे जाऊन उभी राहिली. वारा समोरून येत असल्यामुळे पुढे गेलेल्यांचं बोलणं मागे तिला स्वच्छ ऐकू येत होतं. रेन्स्के सवयीने पुढे निघाली. मेन्नोने तिला गाठलं, डावीकडून तिच्या बरोबरीला आला. त्याचा उजवा हात हँडलवरून निघाला, अर्ध्यावर गेला आणि ओशाळून परत आला. मोटरवर चालणाऱ्या बाईला ढकलायचं तरी काय?

रेन्स्केने तो हात पाहिला. तिने अंगठ्याने बटण दाबलं. तिची जड सायकल वाऱ्यात एकदम मंदावली, पाय भरून आल्यासारखे फिरू लागले.

"अगं, बंद पडली का?" मेन्नो घाबरून ओरडला.

"पडली नाही. मी बंद केली."

"कशाला?"

"दोन वर्षं पाठ गार पडलीय माझी. बोलू नकोस, ढकल."