दाढीसाठी पावडर आन पिवळं डोळं

गाडीतनं पयल्यांदा उतरली ती पोरीची आत्याच, बाकीच्यास्नी मागं सारून. बायांनो, आज आमच्या सागरला बघाय विट्याहून पाव्हणं आलं हुतं. नातवाचं लगीन जमतंय म्हणून मी लय खुशीत, पोह्यात दोनदा मीठ घातलं.

आत्या नर्स हाय. चहा खाली ठिवून तिनं इचारलं, "डोळं कवापासनं पिवळं हायती रं?"

मीच बोलले, "आवं, बिरोबाच्या जत्रंतला भंडारा गेलाय डोळ्यात."

"आजी, जत्रा हुऊन महिना झाला. काय खातुय ह्यो?"

मी डबा दावला. मर्दानी ताकदीची पावडर, मोबाईलवरनं मागिवलेली. दाढी फुटंना म्हणून दोन पोरींनी नकार दिलेला. झाडपाला कुणाला बाधतुय, म्हणून मीच रोज दुधात चमचाभर जास्त घालत हुते.

आत्यानंच त्याला गाडीत घालून सांगलीला नेलं. त्या पावडरीनंच लिव्हर सुजलंय म्हणं, भरती केलाय. अजून भरवसा देत न्हाईत डॉक्टर.

माझ्याच हातानं झालं गं. तुमच्या घरात हाय का आसला डबा? पोरांचं डोळं उजेडात बघा.

पोरीनं मातूर नकार दिला न्हाई. "आदी बरं हुंदे त्यास्नी," म्हणली. एवढ्यानंच जीव हरकला माझा. बेस्तरवारी दवाखान्यात येतो म्हणून सांगून गेल्यात पाव्हणं.