थापटलेली पावलं

आमची मुलगी आठ महिन्यांची असताना न्यूमोनियानं गेली. बेळगावच्या ज्या दवाखान्यात ती जन्मली, त्याच दवाखान्यात, दोन मजले वर.

पावलं मोजणारी घड्याळं त्याआधी घरात आली होती. बाळंतपणानंतर बायकोला रोज चालायला सांगितलं होतं, म्हणून मी एक तिच्यासाठी आणि एक माझ्यासाठी घेतलं. एकमेकांचे आकडे फोनवर दिसतील अशी सोय करून घेतली. संध्याकाळी जो मागे असेल त्यानं चहा करायचा, असं ठरलं. मी बातमीदार, खानापूर, काकती, निपाणी असं रोजचं फिरणं. तरी चहा करायची पाळी बहुतेक वेळा माझ्यावरच यायची.

कारण लवकरच कळलं. बायको मुलीला कडेवर घेऊन भाजी आणायला जाऊन आली, तरी घड्याळात जेमतेम काही वाढलेलं असायचं. हात मुलीला धरण्यात अडकलेला, मनगट स्थिर; घड्याळाच्या लेखी ती घरातच बसून होती. बाबागाडी ढकलली तरी तेच. उलट दुपारी भिंतीला टेकून, पाय पसरून, मुलीला मांडीवर घेऊन थापटायला लागली की आकडा भराभर चढायचा. बसल्या जागेवरून ती मला मागे टाकायची.

"तुमचं घड्याळ तुमच्यासारखंच हाय," ती म्हणायची. "कडंवर घेऊन हात तुटायची येळ आली, ते दिसत न्हाय. जरा थापटलं की लई केलं म्हणतंय."

"चहा पायजे तर सरळ सांग की."

"पायजे. आलं घालून करा."

ठरवलेली पावलं पुरी झाली की घड्याळ मनगटावर थरथरायचं. थापटताना थरथरलं की मुलगी दचकायची. बायको हात तसाच वर उचलायची आणि श्वास रोखून बघत राहायची. मग माझ्याकडे वळून नुसत्या ओठांनी सांगायची, "न्हाय उठली." हात परत मुलीवर जायचा. ती थरथर बंद कशी करायची, ते आम्ही कधी शोधलं नाही.

मुलगी गेल्यावर बायको आतल्या खोलीत त्याच भिंतीपाशी बसली. तिची आई बेळगुंदीहून आली आणि घर तिनं हातात घेतलं. ताट पुढे ठेवलं तर बायको जेवायची, अंघोळीला चल म्हटलं तर जायची. बोलायची नाही. एकदाही रडली नव्हती, आणि सासूबाईंना त्याचीच भीती वाटत होती. घड्याळ तिनं काढलं नव्हतं. अंघोळीला जाताना तेवढं उतरवायची. तेवढ्यात मी ते चार्ज करून ठेवायचो. बाहेर आली की मनगट पुढे करायची.

डॉक्टर म्हणाले, "मेडिसिन देतो, पण त्यांना स्वल्प स्वल्प चालवा. एकदा जागेवरून उठल्या की पुढचं सोपं."

तेव्हापासून मी दिवसातून कितीतरी वेळा फोन काढून तिचा आकडा बघत होतो. तो हलत नव्हता.

त्या दिवशी निपाणीत नगरपालिकेची सभा होती. पाण्याच्या विषयावर दोन्ही बाजू एकदम बोलत होत्या. सवयीनं फोन बघितला तर बायकोचा आकडा वाढलेला. परत बघितला, आणखी वाढलेला. मी उठून व्हरांड्यात आलो आणि घरी फोन लावला. सासूबाईंनी उचलला.

"काय करतीया ती?"

"दुपारधरनं थापटाय लागलीया बघा. तुमी या लवकर."

"आलोच," म्हणून मी फोन ठेवला.

आमच्याकडे मूल थापटतात आणि भाकरीही थापटतात. शब्द एकच. मला भाकरी ऐकू आली. ती उठली, चुलीपाशी गेली, पीठ घेतलं, परातीपुढे बसली. घड्याळही तेच सांगत होतं. दोन वेगळ्या ठिकाणांहून एकच माहिती आली की आम्ही ती छापतो. 'लवकर या' हे भाकरी गरम आहे तोवर या, असं मी धरलं.

सभा सोडून निघालो. स्टँडजवळ लोणी विकणारी एक आक्का बसायची. भाकरीवर बायकोला दुसरं काही लागत नाही.

"कशासंगं खाणार?" तिनं विचारलं.

"भाकरी. घरात आज केल्यात."

"गरम हाय म्हणा की! मग एवढुशानं काय हुतंय, अण्णा? वाईच जास्त न्या."

जास्त घेतलं. तिनं ते पानात बांधून दिलं. बसमध्ये पुडी मांडीवर ठेवली होती. काकती मागे पडेपर्यंत आकडा चढत होता.

दार सासूबाईंनी उघडलं.

"झाल्या भाकऱ्या?" मी विचारलं.

"कसल्या भाकऱ्या?" त्यांनी माझ्या हातातल्या पुडीकडे बघितलं. समजायला त्यांना थोडा वेळ लागला. "अवो, पोरीला," त्या म्हणाल्या. "पोरीला थापटतीया ती."

आत बायको भिंतीला टेकून, पाय पसरून बसली होती. मांडीवर मुलीचं दुपटं होतं, घडी घातलेलं, एका बाजूला उशीसारखं गुंडाळलेलं. घड्याळ बांधलेला हात त्याच्यावर पडत होता, पूर्वीच्याच लयीत. मी शेजारी बसलो. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. सासूबाई उंबऱ्यापाशी उभ्या राहिल्या.

घड्याळ थरथरलं.

तिनं हात वर उचलला. श्वास रोखून ती दुपट्याकडे बघत राहिली. पूर्वी एवढ्या वेळात मुलगी एकतर कूस बदलायची नाहीतर रडायची. बायको बघत राहिली. हात तसाच वर होता.

"न्हाय उठली," ती म्हणाली. या वेळी ओठांनी नाही, आवाजात. बऱ्याच दिवसांनी मी तो ऐकला. मग ती माझ्याकडे वळली. "आता न्हाय उठायची न्हवं?"

"न्हाय," मी म्हणालो.

तिनं हात खाली आणला, पण दुपट्यावर ठेवला नाही. ती रडायला लागली. सासूबाई उंबऱ्यातच खाली बसल्या. पुडी अजून माझ्या हातात होती. लोणी वितळून पानातून बोटांवर उतरलं होतं.