राबाचा धडा

पाठ्यपुस्तकावरचा माझा राग जुना आहे, नव्वदच्या दशकातला. अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या एका शाळेत मी चौथीला शिकवत होते. पुस्तकात भाताच्या रोपांसाठी मातीचे उंच गादीवाफे होते. आमच्याकडे मात्र उन्हाळ्यात शेताच्या तुकड्यावर शेण, पाला, फांद्या पसरून पेटवतात आणि पाऊस आला की त्याच भाजलेल्या जमिनीत भात पेरतात. त्याला राब म्हणतात. पुस्तकात त्याचा धूरसुद्धा नव्हता.

मग धडा आम्हीच लिहायला घेतला. एका मुलीच्या आईला वर्गात बोलावलं. ती सांगत गेली, पोरांनी जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतलं आणि कागद भिंतीला लावले. नियम एकच, ज्याला चूक दिसेल त्याने कोळशाने दुरुस्त करायची. येता-जाता माणसं आत डोकावायची. आधी शेण की आधी पाला, यावरून दोन म्हाताऱ्यांनी अबोला धरला! अक्षराला बिचकणारी ती मुलगी आईचा धडा घडाघडा वाचायला लागली. तिच्या बापाने मला बजावलं होतं, "पास झाली तर पाचवीला धाडतो. न्हाई तर बास झाली शाळा."

वार्षिक परीक्षेत नेमका प्रश्न आला, भाताची रोपे कशी तयार करतात? तिने राब लिहिला, कोळशाच्या दुरुस्त्यांसकट. पेपर तपासायला दुसऱ्या शाळेचे गुरुजी होते. त्यांनी लाल फुली मारली. मी तणतणत त्यांच्यापुढे गेले.

"पुस्तकात दाखवा, लगेच मार्क देतो," ते म्हणाले.

खिडकीतून समोरच्या डोंगरावर राब धुमसताना दिसत होते. मी हात करून तेच दाखवले. त्यांनी मान वर केली, धूर येतो म्हणून खिडकी लावून घेतली आणि पुढचा पेपर ओढला. असा संताप झाला माझा!

तेवढ्या मार्कांनी ती नापास झाली. मी बापाच्या विनवण्या केल्या, तो ऐकेना. आई दाराशी उभी होती.

"बाई, मी सांगितलं ते खोटं हुतं व्हय?"

"नाही हो, अजिबात नाही."

"मग फुली कुनाला मारली?"

पुढच्या उन्हाळ्यात डोंगरावर पुन्हा धूर निघाला, तेव्हा मी वर्गात गादीवाफ्यांची उजळणी घेत होते. ती मुलगी आईबरोबर राब भाजत होती.