घोड्याच्या घरातलं प्यादं

माझा स्वभाव तापट. एकदा एखादी गोष्ट मनात बसली की बसली. त्या वर्षी माझ्या मनात बसलं होतं की बाबांना आता एकटं ठेवायचं नाही.

बाबा आगरदांड्याला राहतात, जेटीपासून हाकेच्या अंतरावर. सगळी नोकरी लाँचवर खलाशी म्हणून केली. आई गेल्यावर पनवेलला या म्हणून मी किती मागे लागले, पण नाही. मग एक दिवस ते फेरीबोटीनं पलीकडे दिघीला गेले आणि कशाला आलो तेच आठवेना म्हणून तिथल्या बाकावर दुपारपर्यंत बसून राहिले. दोनदा गॅस चालू राहिला. अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं, विसरायला लागलेत, लक्ष ठेवा. मी नवऱ्याला सांगून टाकलं, आता आणखी एक चूक झाली की बाबांना घेऊन यायचं. बाबांना मात्र यातलं काही सांगितलं नाही.

त्या शनिवारी मी गेले तेव्हा ओटीवर बुद्धिबळाचा पट मांडलेला होता. समोर चाचा. चाचा म्हणजे बाबांच्याच लाँचचे ड्रायव्हर, बाबांपेक्षा दोन वर्षांनी लहान. दोघं गेली कित्येक वर्षं खेळतायत. डाव संपत आला होता. बाबांचा राजा आणि एक प्यादं, चाचांचा राजा आणि एक प्यादं, बास. बाबांचं प्यादं शेवटच्या घरापासून दोन घरांवर, आणि राजा त्याच्या शेजारीच. चाचांचं प्यादं पार दुसऱ्या टोकाला, अजून निम्मा पटही चालून आलेलं नव्हतं. दोघांनी थोडा वेळ पटाकडे पाहिलं, मान डोलावली, आणि बरोबरी म्हणून चहा मागितला.

मी चाटच पडले. मीही खेळते, फोनवर शिकले. बाबांनी मला कधी शिकवलं नाही आणि मीही कधी त्यांच्यापुढे पट घेऊन बसले नाही. पण एवढं कोणालाही दिसावं. प्यादं पोचलं की वजीर होणार आणि डाव जिंकणार. चहा टाकता टाकता मी ती स्थिती फोनमधल्या बुद्धिबळाच्या प्रोग्रॅममध्ये भरली.

या प्रोग्रॅमचं मला भारी कौतुक. भरल्या पटावर तो अजूनही मत बदलतो, जरा वेळ दिला की आधीची चाल टाकून दुसरी सांगतो. पण डावाच्या शेवटी, दोन्हीकडची मिळून सात किंवा त्याहून कमी मोहरी उरली, की अंदाजाचा प्रश्नच नाही. तिथल्या सगळ्या स्थितींची उत्तरं आधीच काढून ठेवलेली आहेत. मोठमोठे खेळाडू ज्या डावावर आयुष्यभर वाद घालत होते, त्याचंही उत्तर त्यात सापडतं. इथे तर चारच मोहरी. फोननं क्षणात सांगितलं, बाबा जिंकतायत, आणि मात किती चालींत तेही.

चाचा गेल्यावर मी फोन बाबांपुढे धरला. हातातला डाव तुम्ही सोडून दिलात, म्हटलं, समोरचा वजीर तुम्हाला दिसला नाही. त्यांनी चष्मा लावून स्क्रीन बघितली. मग पटाकडे बघितलं, परत स्क्रीनकडे. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी बोलतच होते. गॅस काढला, दिघी काढली, पनवेल काढलं. मला वाटलं होतं, भांडतील. त्यांनी फक्त विचारलं, कधी निघायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पट आणि मोहऱ्यांची पिशवी चाचांकडे देऊन टाकली. मी बॅग भरत होते. तासाभरात चाचा ती पिशवी घेऊन परत आले, दारातच उभे राहिले आणि मला विचारायला लागले की झालं काय. मी सांगितलं. फोनही दाखवला. त्यांनी तो हातात घेतला नाही.

"बेटा, आमच्यात प्यादं ज्या घरात पोचतं त्या घराचं मोहरं होतं. हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट. त्याचं प्यादं घोड्याच्या घरात पोचत होतं. एकट्या घोड्यानं मात होते का?"

होत नाही. एवढं मलाही ठाऊक होतं. तो घोडा फार तर चाचांचं प्यादं अडवून धरणार, म्हणजे बरोबरीच. फोनचं काही चुकलं नव्हतं, मी विचारलेल्या खेळाचं त्यानं अचूक उत्तर दिलं होतं. पण ओटीवर तो खेळ चाललाच नव्हता. जुन्या देशी नियमांनी खेळणाऱ्या माझ्या बापानं, डॉक्टर ज्याला विसराळू म्हणतात त्यानं, पुढच्या सगळ्या चाली बघून बरोबर उत्तर काढलं होतं. आणि मी त्याला वेड्यात काढलं होतं. मला स्वतःचीच शरम वाटली.

मी आत गेले. बाबा कॉटवर बसले होते. तुम्ही बरोबर होतात, मी म्हटलं, बरोबरीच होती, चाचांनी सांगितलं. माझं चुकलं बाबा. पण नियम वेगळा आहे, हे तुम्ही बोलला का नाहीत?

बाबांनी कॉटवरची चादर हातानं सारखी केली.

"सांगणार होतो गं. पण तू एवढ्या खात्रीनं बोलत होतीस. मला वाटलं, असा नियमच न्हाय. मीच कायतरी मनानं धरून बसलोय."

मला रडू आलं. पनवेल रद्द, म्हटलं, आणि बॅग उघडून कपडे परत कपाटात लावायला लागले. बाबा उठून शेजारी येऊन उभे राहिले. मी एकेक शर्ट उचलत होते आणि दर वेळी ते हळूच मला विचारत होते, "हा माझाच ना?"