आठ बॅटऱ्या आणि आई

वडील पूर्णा जंक्शनला रेल्वेच्या डब्यांमधल्या दिव्या-पंख्यांच्या बॅटऱ्या सांभाळायचे. घर परभणीला, ड्युटी पूर्णेला. रिटायर झाले तरी त्यांचे हात स्वस्थ बसेनात. ओळखीच्या एका डॉक्टरांच्या गोठ्यात इंग्रजी बनावटीची जुनी मोटार धूळ खात पडली होती. इंजिन जाम, सुटे भाग कुठेच मिळत नव्हते. वडिलांनी ती बैल लावून घरी आणली आणि जाहीर केलं की आता ही बॅटरीवर चालणार. गल्लीला वाटलं, माणसाचं डोकं सरकलं. मलाही तसंच वाटलं. पण मी कॉलेजात फिजिक्स घेतलं होतं, त्यामुळे आकडेमोडीला त्यांनी मलाच धरलं.

मोटार कशासाठी, हे मात्र पक्कं होतं. आईचं माहेर पेडगाव. लग्न झाल्यापासून ती भाऊबीजेला सकाळच्या पॅसेंजरने जायची आणि संध्याकाळच्या पॅसेंजरने परत यायची, कारण वडिलांची ड्युटी आणि वडिलांचं जेवण. विद्यापीठाच्या नामांतराचं आंदोलन पेटलेल्या त्या वर्षांत एस.टी. कधी बंद राहील याचा नेम नसायचा, त्यामुळे पॅसेंजर चुकवून चालायचं नाही. भावाला ओवाळायचं ते दिवे लागल्यावर. माझी आई मामाला भर दुपारी ओवाळायची. परतताना ती खिडकीकडे तोंड करून बसायची आणि परभणी येईपर्यंत बोलायची नाही. वडिलांचं म्हणणं, घरची मोटार असली की दिवेलागणीला ओवाळायचं, जेवायचं आणि झोपायला घरी यायचं. मुक्काम हा शब्द त्यांच्या डोक्यात कधी शिरलाच नव्हता.

तर पेडगाव गाठून परत, एका चार्जिंगमध्ये. बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवायची नाही, हा वडिलांचा रेल्वेतला नियम त्यांनी घरीही लावला. तो धरून मी मांडलं तर ट्रकच्या आठ बॅटऱ्या लागत होत्या. तीन पुढे, इंजिन होतं तिथे, आणि पाच मागचं सीट काढून. मागे वजन जास्त झालं तर मोटार उलार होईल, बैलगाडीची धुरी वर उचलली जाते तशी, अशी त्यांना धास्ती होती. म्हणून पैसे घालण्याआधी तालीम करायची ठरली. एका पोत्याचं वजन अडीच बॅटऱ्यांएवढं, असा हिशोब धरून आम्ही घरातली ज्वारीची पोती मोटारीत रचली. बॉनेटखाली एक पोतं आणि वर एक पिशवी, मागे दोन पोती. वडील स्टिअरिंगवर बसले. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे थोडे दबले, पण टिकले. ते खाली उतरले तेव्हा त्यांची छाती फुगली होती.

आई चहा घेऊन आली होती. तिने कप ओट्यावर ठेवले, वडिलांना पुन्हा आत बसायला सांगितलं आणि स्वतः शेजारच्या सीटवर जाऊन बसली. करकर आवाज झाला आणि मागची चाकं मडगार्डला टेकली.

"तुमच्या हिशोबात मी कुठं हाय?" आईने विचारलं.

तिच्यासाठी चाललेल्या खटाटोपात आम्ही दोघं शहाणे तिलाच वगळून बसलो होतो. मी मनात मांडून पाहिलं. आई म्हणजे दीड बॅटरी, म्हणजे दोन कमी कराव्या लागणार. सहा बॅटऱ्यांवर मोटार पेडगावला पोचेल, परत येणार नाही. वडील म्हणाले, लोहाराकडून जाड पाटे करून घेऊ, पण ते काही दिवाळीआधी होत नाहीत. यंदा पॅसेंजरनेच जा.

आई मोटारीतून उतरली नाही. "दोन काढा," ती म्हणाली. "भावाच्या विहिरीवर लाईट हाय. तिथं चार्जिंगला लावा. मी थांबते."

"रातभर?"

"लाईट येईल तवर."

आम्ही सहा बॅटऱ्या बसवल्या. माझं वजन हिशोबात बसत नव्हतं, म्हणून मी सायकलवर मोटारीच्या शेजारून; बाकीचे सायकलवाले आम्हाला मागे टाकत होते, पण भाऊबीजेला मोटार पेडगावात पोचली आणि आईने अंगणात पणत्या लावून, अंधार पडल्यावर, मामाला ओवाळलं. मामाला रडू आलं. गावातली लाईट यायची, जायची, आली तरी बल्ब लाल दिसायचा. वडील विहिरीवर चार्जरपाशी बसून चरफडत होते आणि आई मामींबरोबर ओसरीवर गप्पा मारत होती. चार्जिंग पुरं व्हायला तिसरा दिवस उजाडला. परतताना ती खिडकीतून सबंध रस्ताभर बोलत होती. ते ऐकताना मला वडिलांचा फार राग आला. ही इतकं बोलते, हे मला माहीतच नव्हतं.

पुढच्या वर्षी वडिलांनी जाड पाटे बसवून घेतले आणि आणखी दोन बॅटऱ्या आणल्या. दिवाळीच्या तोंडावर त्यांनी आईला अंगणात बोलावलं, सीटवर बसवलं, मडगार्ड चाकांपासून किती वर आहे ते दाखवलं. आता ओवाळून त्याच रात्री घरी, म्हणाले. आईने वाकून मागच्या बॅटऱ्या मोजल्या.

"त्या दोन काढा," ती म्हणाली.

वडिलांनी मला पाना आणायला सांगितलं.